पाचवं बिऱ्हाड, आणि मुलगा खेळण्यांची पेटी उघडत नाही

पाथर्डी फाट्याची आई:

नमस्कार. मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. त्याच्या जन्मापासून हे आमचं चौथं भाड्याचं घर, आणि आता पाचवं शोधतोय. इंदिरानगरचं सोडलं कारण मालकांचा मुलगा पुण्याहून परत आला. राणेनगरला भाडं झेपेना. तिसऱ्या घरात पावसाळ्यात भिंतीतून ओल यायची आणि मुलाला धाप लागायची, ते आम्हीच सोडलं. आता इथल्या मालकांनी फ्लॅट विकायला काढलाय. माणसं वाईट नाहीत, दिवाळी करा आणि मग खाली करा, म्हणालेत. ह्यांची अंबडला कंत्राटी नोकरी, त्यामुळे गृहकर्जाचा विषय सध्या नाहीच.

विचारायचंय ते मुलाबद्दल. या घरात येऊन चौदा महिने झाले. त्याच्या खेळण्यांची पेटी, म्हणजे साधं पुठ्ठ्याचं खोकं, त्याने अजून उघडलेलं नाही. सामान भरताना मी त्याला चिकटपट्टी लावली होती, ती तशीच आहे. क्रिकेटची बॅट वेगळी होती म्हणून तेवढी वापरतो. मध्ये एकदा मी म्हटलं, "काढू का रे ती पट्टी?" तर म्हणाला, "परत भरावंच लागेल ना आई." एवढंच. रडला नाही, रुसला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पुन्हा घर बदलायचंय हे त्याला अजून सांगितलेलं नाही. आडगावच्या बाजूला तीन हजाराने स्वस्त घर मिळतंय, पण मग शाळा बदलावी लागेल, तीही वर्षाच्या मध्येच. इकडेच राहिलो तर शाळा टिकते पण महिन्याचं गणित फार ओढाताणीचं होतं.

ज्यांची स्वतःची लहानपणी सारखी घरं बदलली, त्यांनी कृपया सांगा. नक्की काय लागतं मनाला? "मुलं लगेच रुळतात" हे मला सगळ्यांनी सांगून झालंय.

करारनामा:

लहानपणाबद्दल मी बोलू शकत नाही, आमचं एकच घर होतं. पण दोन कामाच्या गोष्टी सांगतो.

शाळा बदलायचीच ठरली तर दाखल्यासाठी अडून राहू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्ये गेलात तरी हे लागू आहे.

दुसरं, नवीन घराचा करार अकराच महिन्यांचा केला पाहिजे असं काही नाही. तशी वहिवाट पडलीय इतकंच. तीन वर्षांचाही होतो. मुदतीआधी घर खाली करायला लावणार नाही, अशी अट त्यात लिहून घ्या आणि दरवर्षी भाडं किती वाढणार तेही आत्ताच ठरवा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते आधी ग्राह्य धरलं जातं. विक्रीचा विचार आहे का, हे मालकांना तोंडावर विचारा. तुमच्या मुलाची तिसरी ते पाचवी एका घरात झाली तरी पुष्कळ.

प्रेसमधून निवृत्त:

ताई, मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतो. आम्ही नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढली. माझ्या दोन्ही मुलींनी एकच जिना, एकच मैदान, एकच शेजार पाहिला. मला वाटायचं, यांच्यासारखी सुखी मुलं नाहीत. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा धाकटी बावीस वर्षांची होती. नवीन फ्लॅट आमच्या मालकीचा, मोठा, हवेशीर. पण ती वर्षभर कामावरून सुटली की जुन्या कॉलनीतच जायची, अंधार पडेपर्यंत तिथल्या मैदानावर बसायची आणि मग घरी यायची. तिला सोडून जाणं माहीतच नव्हतं.

एका घरात वाढलं की सगळं भलं होतं असं मी आता म्हणत नाही. तुम्ही स्वतःला फार दोष देताय असं वाटलं, म्हणून लिहिलं.

तिळभांडेश्वरची:

पाथर्डी फाट्याच्या ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. त्या पेटीमुळे. मीही एक डबा मागे ठेवून आलेली आहे, तिथूनच सुरू करते.

मी ४७ वर्षांची. जन्मापासून दहावीपर्यंत आमची नऊ घरं झाली, सगळी नाशकातच. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात होते. तिथे कधी काम असायचं, कधी नसायचं, पुढे तो बंदच पडला. भाडं थकलं की घर सुटायचं. नातेवाईक म्हणायचे, यांचं काय, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ही म्हण माझ्या घरात मी कोणाला उच्चारू देत नाही.

पहिलं घर तिळभांडेश्वर लेनमधल्या वाड्यात, माडीवरच्या दोन खोल्या. वाड्यात सात बिऱ्हाडं, चौकात एक नळ. आमच्या खोलीला चुन्यात नीळ घालून रंग दिलेला होता, चांगला गडद. खिडकीशेजारी कोनाडा होता आणि त्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझे सागरगोटे होते. १९८४ च्या मे महिन्यात मी सिन्नरला मामाकडे गेले. जूनमध्ये बाबा घ्यायला आले. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटीतून उतरलो आणि रविवार कारंज्याकडे चालायला लागायचं सोडून बाबांनी मला सिडकोच्या बसमध्ये बसवलं. त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. कुठल्या तरी नव्या वसाहतीत उतरलो, सगळीकडे काळा चिखल, एकसारखी घरं. त्यातल्या एकाचं दार उघडलं तर आत आमचीच भांडी.

डब्याचं मी आईला चार दिवसांनी विचारलं. ती म्हणाली, "अगं, राहिला वाटतं." तिच्या डोक्यात तेव्हा पन्नास गोष्टी असणार, हे आज कळतं. पण मी सहा वर्षांची होते. माडीवर माझ्याबरोबर खेळणारी मैत्रीण होती, तिला मी "जाते" म्हणाले नव्हते. मामाकडून परत येते, एवढंच सांगून गेले होते.

त्यानंतर आम्हा दोघा भावंडांना एक खूण कळली. बाबा संध्याकाळी सुतळीचं बंडल घेऊन आले की घर जाणार. ते बंडल ते मोरीवरच्या फळीवर ठेवायचे, आणि कोणी काही बोलायचं नाही. त्यांना आम्हाला सांगायची लाज वाटत असे. मग दुसऱ्या दिवसापासून माझा भाऊ आजूबाजूच्या मुलांशी भांडणं उकरून काढायचा. एकेकाशी कट्टी करायचा. आई त्याला मारायची, की आता जायच्या वेळी तरी नीट वाग. पण त्याने तेव्हाच स्वतःची सोय केलेली असायची. कट्टी असलेल्या मुलाला सोडून जाताना कमी दुखतं. तुमचा मुलगा तेच करतोय असं मला वाटतं, फक्त भांडत नाही. खेळण्यांशी त्याने आधीच कट्टी घेतलीय.

शाळेचंही सांगते, कारण तुमचा तोही प्रश्न आहे आणि आमच्या घरात दोन्ही तऱ्हा झाल्या.

माझी शाळा आईने बदलू दिली नाही. सिडकोतून, सातपूर कॉलनीतून, हिरावाडीतून, शेवटी जेलरोडहून मी शालिमारजवळच्या त्याच शाळेत येत राहिले. शहर बससुद्धा तेव्हा एसटीचीच होती. जेलरोडहून सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला घराबाहेर पडायचे, खिशात सेफ्टी पिनने लावलेला पास. घराजवळ मला एकही मैत्रीण नव्हती, संध्याकाळी खेळायला मी कधीच नव्हते. पण वर्गात माझं बाक होतं. तिसरी रांग, खिडकीकडचं. पहिलीतल्या मुली दहावीतही शेजारी होत्या.

भावाच्या शाळा तीनदा बदलल्या, घराजवळ जी असेल ती. तो चौथीत असताना जानेवारीत आम्ही सातपूरहून पंचवटीत आलो. जुन्या शाळेत अपूर्णांक दुसऱ्या सत्रात घेणार होते. नव्या शाळेत ते दिवाळीआधीच उरकले होते. म्हणजे त्याला अपूर्णांक कोणी शिकवलेच नाहीत. आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्यासुद्धा. त्याला वाटलं, सगळ्या वर्गाला येतं आणि आपल्याला येत नाही, म्हणजे आपण ढ. पुढे गणिताच्या तासाला तो पोटात दुखतं म्हणायचा. दहावीनंतर सातपूरच्या आयटीआयला टर्नरच्या ट्रेडला गेला, तर तिथे व्हर्नियर कॅलिपर आणि इंचाचे सोळावे भाग, बत्तिसावे भाग. पळूनच येणार होता. त्याच्या निदेशकांनी एका दुपारी त्याला स्टीलची पट्टी हातात देऊन रेघा मोजायला बसवलं. एक इंच, अर्धा, पाव, अष्टमांश. दोन तासांत त्याला अपूर्णांक आले. त्या रात्री घरी येऊन तो जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून झोपला. एवढी वर्षं आपण ढ नव्हतोच, हे एका दिवसात कळणं सोपं नसतं.

म्हणून वर्षाच्या मध्ये शाळा बदलू नका, जमत असेल तर तीन हजारांची ओढाताण मेपर्यंत सोसा. नाहीच जमलं तर दोन्ही शाळांत काय शिकवून झालंय आणि काय राहिलंय ते पुस्तकं उघडून स्वतः बघा. दाखल्यावर हे लिहिलेलं नसतं.

पंचवटीतलं ते घर सहाच महिने टिकलं. १९९१ ला सिंहस्थ होता, मालकांना खोल्या पाहुण्यांसाठी हव्या होत्या. सगळं शहर गंगेकडे, म्हणजे आमच्या गोदावरीकडे, येण्याच्या तयारीत होतं आणि आम्ही टेम्पोत बसून तिथून बाहेर पडत होतो. आईच्या मांडीवर देवांचा डबा, माझ्या पायाशी पाटा-वरवंटा. पाट्यावरून प्रत्येक वेळी टेम्पोवाल्याशी वाद व्हायचा. तांब्याचा बंब त्याच वर्षी भांडी बाजारात मोडीत गेला.

पण आईची एक गोष्ट मला फार उशिरा समजली. घर कुठेही असो, ती बुधवारी गंगेवरच्या बाजारात यायची. जेलरोडहूनसुद्धा. शेजारणी म्हणायच्या, भाजी इथे मिळत नाही का? ती यायचीच, आणि सुट्टी असेल तर आम्हाला घेऊन. माडसांगवीच्या एक मावशी भाजी घेऊन बसायच्या. त्यांना आमची घरं किती बदलली याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी आम्ही दर बुधवारी येणारी माणसं होतो. "वाढलीस गं," म्हणायच्या आणि हातात गाजर द्यायच्या. मग आई पाण्यात पाय सोडून पाच मिनिटं बसायची. नऊ घरांमध्ये ती पाच मिनिटं कधी बदलली नाहीत.

सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर मी मावसबहिणीच्या दुकानातला गाळ काढायला सराफ बाजारात गेले होते. दुपारी हात धुतले आणि पाय आपोआप तिळभांडेश्वर लेनकडे वळले. वाडा पाडलेला होता, नुसती मोकळी जागा. पण शेजारच्या इमारतीला लागून आमची बाजूची भिंत तेवढी उभी होती, आणि माडीच्या उंचीवर निळीचा एक मोठा चौकोन होता. त्यात कोनाडा. डबा अर्थातच नव्हता. मी खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होते. हात पोचण्यासारखी उंची नव्हती. मी तेव्हा तीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि मला त्या मैत्रिणीला सांगायचं होतं की मी मामाकडून परत आले होते.

तुम्ही विचारलंत, नक्की काय लागतं. घर जाण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, खरंच सांगते. सिडकोचं तर वाड्यापेक्षा चांगलं होतं. न सांगता नेलं, ते लागलं.

तेव्हा त्याला आजच सांगा. त्याच्यासमोर घर शोधा. जाताना त्याला ज्या माणसांचा निरोप घ्यायचाय, तो त्याला घेऊ द्या, मग ती माणसं तुम्हाला बिनमहत्त्वाची का वाटेनात. आणि ती पेटी तुम्ही उघडू नका. ती त्याची आहे.

देवळाली कॅम्प:

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील तोफखान्यात होते. देवळाली, झाशी, पठाणकोट, परत देवळाली. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंका निघायच्या. त्यांवर पांढऱ्या रंगाने वडिलांचं नाव लिहिलेलं असायचं, आणि त्याखालचा हुद्दा बदलला की आधीचा खोडून नवा लिहायचे. मला कधीच लाज वाटली नाही, कारण वर्गातली निम्मी मुलं तशीच होती. केंद्रीय विद्यालय सगळीकडे, पुस्तकं तीच, त्यामुळे अपूर्णांक हुकायचा प्रश्न नव्हता. बदलीचा आदेश आला की घरात सगळ्यांना एकाच वेळी कळायचं, आणि नंतर निरोपाची जेवणं सुरू व्हायची.

ताईंचा मुलगा मात्र त्याच्या वर्गात असा बहुतेक एकटा असेल. त्याच्या शिक्षिकेच्या कानावर घालून ठेवा. मला एक खंत आहे ती वेगळी. मी दहा वर्षांची असताना कशी होते, हे सांगणारं घराबाहेर आज कोणीच नाही. शाळा टिकवता आली तर टिकवाच.

पाथर्डी फाट्याची आई:

सगळ्यांचे आभार. करारनामा दादा, तीन वर्षांच्या कराराचं आम्हाला खरंच माहीत नव्हतं. ह्यांनी एका मालकांना विचारलं, ते दोन वर्षांना तयार आहेत. देवळालीच्या ताई, बाईंशी उद्या बोलते.

तिळभांडेश्वरच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते मधेच उठून गॅलरीत गेले. मग रात्री दोघांनी मिळून मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "कधी?" मी तारीख सांगितली. तो भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेला, पान उलटलं, त्या तारखेला पेनने गोल केला आणि आठवडे मोजले. सहा. मग विचारलं, "सहा आठवडे इथेच? नक्की?" मी म्हटलं, नक्की. नंतर अंथरुणात पडल्यावर त्याने निरोप घ्यायच्या माणसांची नावं सांगितली. वॉचमन काका, खालच्या मजल्यावरची एक आजी, इस्त्रीवाले. यातल्या आजींशी त्याची ओळख आहे हे मला माहीतही नव्हतं. त्या म्हणे त्याला रोज शाळेतून आल्यावर किती वाजले ते विचारतात, आणि तो सांगतो.

पेटी अजून बंदच आहे. मी हात लावलेला नाही.

आडगावचं घर सोडून दिलं. शनिवारी पांडवलेण्याच्या बाजूला दोन घरं बघायला जातोय, तिघंही. त्याची शाळेची बस तिथे येते.

एक विचारू का? गंगेवरच्या बाजारात त्या मावशी अजून बसतात का?

तिळभांडेश्वरची:

मावशी गेल्या, बरीच वर्षं झाली. त्यांची सून बसते, जवळपास तिथेच. मेथी आणि कोथिंबीर तिच्याकडची घ्या, दहानंतर गेलात तर ऊन लागून कोमेजते. मी या बुधवारी साडेनऊला तिथे असेन, हातात हिरवी कापडी पिशवी. त्याला सुट्टी असेल तर घेऊन या. आता गाजरं यायला लागलीत.